जीव टांगणीला, पाय लोकरीवर

साडी विकली की गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघून जातं, विषय संपला. गालिचा विकला की आपल्यालाच गिऱ्हाइकाच्या घरात जावं लागतं. चपला दाराशी काढायच्या, सोफा सरकवायचा, त्याच्याखाली सापडलेलं हरवलेलं कानातलं नि औषधाच्या गोळ्या मालकिणीच्या हातात द्यायच्या, मग अंथरायचं. तेवढ्यात त्या घरातली निम्मी भांडणं आपल्याला कळलेली असतात! उरलेली निम्मी ते लोक तक्रार घेऊन दुकानात येतात तेव्हा कळतात. मग सांगा, किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

मी रेखा. बेळगावातल्या शहापुरात भरमू अण्णांच्या दुकानात काउंटर सांभाळते. अण्णा निपाणीकडचे, जैन शेतकरी घरातले. शेती भावाच्या हवाली करून बेळगावात आले आणि लोकरीच्या गालिच्यांचं दुकान टाकलं. फक्त लोकर, दुसरं काही नाही. मागच्या खोलीत दोन माग आहेत, त्यावर कलावती आक्का विणतात. आणि मल्लाप्पा हा आमचा फिटर, म्हणजे घरोघरी जाऊन माप घेणारा, कापणारा, बसवून देणारा. घरी कानडी बोलतो, पण मराठी आमच्यापेक्षा चढ्या आवाजात!

असे आम्ही चौघं. आमच्या बोलण्यात 'खरं' म्हणजे 'पण', एवढं लक्षात ठेवा. चहाच्या वेळी एकानं तोंड उघडलं की पुढचा तास गेला म्हणून समजा.

*

अण्णांची एक सवय. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, गालिच्याच्या मागच्या बाजूनं एक धागा उपसायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. लोकर असेल तर धागा नाखुशीनं जळतो, काडी लांब नेली की आपोआप विझतो. केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटात चुरली की भुकटी. प्लॅस्टिकचा धागा असेल तर वितळतो, ठिबकतो आणि त्याचा कडक मणी होतो.

"आग लागली तर कुठल्या गालिच्यावर पोरं बसलेली पाहिजेत, तुम्हीच ठरवा," हे अण्णांचं वाक्य.

एकदा एक डॉक्टर नवरा-बायको आले. नवं घर, चार खोल्यांचे गालिचे. अण्णांनी बाहेरून नुकत्याच आलेल्या गठ्ठ्यातला एक उलगडला, धागा उपसला, काडी ओढली...

धागा वितळला! काळा थेंब काउंटरच्या काचेवर टप्पकन पडला.

मी अण्णांकडं बघतेय, अण्णा थेंबाकडं बघताहेत. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, हे काय?"

चुकून दुसरा नमुना हातात आला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. मला वाटलं म्हणतीलच. अण्णा म्हणाले, "ही लोकर न्हाय, डॉक्टर. मला फसवलंय कुणीतरी. आणि आता मी तुम्हाला फसवणार हुतो."

डॉक्टर बायकोला घेऊन निघून गेले. अण्णांनी चिमटा खाली ठेवला. "रेखा, ह्या गठ्ठ्यातले गेले किती?"

तीन गेले होते. एक संकेश्वरला, एक टिळकवाडीत आणि एक निपाणीत अण्णांच्या सख्ख्या बहिणीकडं. त्याच दिवशी मल्लाप्पाला टेम्पो घेऊन पाठवलं आणि तिन्ही परत आणवले. बहीण फोनवर भांडत होती, "अरं, मला आवडलाय, राहू दे की!" अण्णा म्हणाले, "आक्का, तुझी नात रांगतीया त्याच्यावर." आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई एकट्याच आल्या. पर्समधून स्वतःची काडेपेटी काढली! म्हणाल्या, "आता दुकानातल्या प्रत्येक गालिच्याचा धागा मी जाळणार."

अकरा धागे जाळले बाईंनी. अकरा वेळा अण्णांनी श्वास रोखला, अकरा वेळा धागा आपोआप विझला. दुकानात केस जळल्याचा असा वास सुटला की शेजारचा सोनार नाकाला रुमाल लावून बघायला आला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

मल्लाप्पा दारातनं म्हणाला, "एक राहिलाय की मॅडम!"

"कुठला?"

"अण्णांच्या अंगावरचा स्वेटर!"

*

चिकोडीकडची एक जैन आज्जी होती, तारामती आज्जी. नातवानं नवा बंगला बांधला, हॉलमध्ये लोकरीचा गालिचा पाहिजे म्हणाला. आज्जी आडव्या आल्या. "जित्या जिवाचं ओरबाडून आणलेलं माझ्या घरात येणार न्हाय!"

अण्णांनी समजावलं, की मेंढी मारत नाहीत, केस कापतात तशी लोकर कातरतात, वर्षातनं दोनदा. आज्जी म्हणाल्या, "तू इकतोस, तू तसंच म्हणणार. दाखव मला."

झालं! आज्जी, नातू, अण्णा आणि मी जीपमधून संकेश्वरच्या पलीकडं एका रानात गेलो. तिथं बिराप्पा धनगराचा कळप बसला होता. आज्जींना खुर्ची मांडून दिली. पांढरं लुगडं, काठी गुडघ्यावर आडवी. बसल्या बसल्या त्यांनी अट घातली, "रगताचा एक थेंब दिसला तर गालिचा न्हाय. आणि भरमू, तुझ्या घरचं पाणी बी न्हाय."

बिराप्पानं ते ऐकलं. दिवसाला कितीतरी मेंढ्या कातरणारा माणूस, पण त्या एका वाक्यानं त्याचा हात जड झाला. मेंढी आडवी केली, कात्री चालू लागली. कर्र कर्र कर्र. पाठ झाली, कूस झाली. आज्जी पापणी हलवत नव्हत्या. मानेखालच्या घडीत कात्री शिरली आणि मेंढीनं हिसडा मारला, ओरडली!

आज्जी ताडकन उठल्या. "थांब! ते बघ लाल!"

खरंच, मानेजवळच्या लोकरीवर लालभडक डाग होता. अण्णांचा चेहरा पार उतरला. नातू पुढं झाला, बोटानं डाग चोळला, बोट लाल.

बिराप्पा कात्री खाली ठेवून म्हणाला, "आज्जी, रंग हाय त्यो. माझी मेंढरं वळखू यावीत म्हणून लावलाय. सगळ्यांच्या मानंला बघा की!"

बघितलं तर कळपातल्या प्रत्येक मेंढीच्या मानेवर तसाच लाल टिळा! आज्जींनी स्वतः वाकून मेंढीची मान चाचपली. कुठं ओरखडा नव्हता. पाय सोडले तशी ती उठली, अंग झाडलं आणि टुणकन उडी मारून कळपात पळाली.

"तिला थंडी वाजणार न्हाय?" आज्जींनी विचारलं.

"ह्या उन्हात? हलकं वाटालंय तिला. पावसाळ्यापतूर परत येतीया की लोकर."

आज्जी बराच वेळ त्या मेंढीकडं बघत राहिल्या. परत जीपमध्ये बसताना नातवाला म्हणाल्या, "घे गालिचा. खरं त्याच्यावर चप्पल घालून कोण चढलं तर गाठ माझ्याशी हाय. केस हायत तिचे!"

*

एका सकाळी दुकान उघडतेय तोवर एक नवी नवरी आली. हातभर हिरव्या बांगड्या, डोळे सुजलेले आणि छातीशी एक फुगलेली पिशवी धरलेली. संकेश्वरहून बसनं आली होती. नाव स्नेहल. आत येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी गालिचा मारला."

पिशवी उघडली तर आत लोकरीचा भुगा, मऊ मऊ तंतू, महिनाभराचे साठवलेले.

तिच्या वडिलांनी लग्नात आमच्याकडचाच गालिचा दिला होता. ही रोज सकाळी झाडायची, रोज एवढा भुगा निघायचा. "आईंना अजून कळलं न्हाय. कळलं तर म्हणतील, माहेरनं काय दिलं बघा! घरात दाखला आणायला जाते म्हणून सांगून आलेय."

मी तिला सांगायला तोंड उघडलं, की बाई, नवी लोकर आहे, आतले सुटे तंतू वर येतात, दोन-तीन महिने येतात आणि मग थांबतात, गालिचा मरत नाही... तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

"अगंबाई! आई!" म्हणत पोरगी गालिच्यांच्या उभ्या गुंडाळ्यांमागं जाऊन लपली.

सासूबाई आत आल्या. सुमनताई. इकडं तिकडं बघितलं, पदराखालून एक पिशवी काढली आणि काउंटरवर ठेवली. त्यातही भुगा!

"कुणाला सांगू नका," म्हणाल्या. "सुनंच्या माहेरचा गालिचा हाय. लई मऊ, पाय ठेवला की निघू वाटत न्हाय. खरं त्याला टक्कल पडालंय! ती दुपारी निजली की मी गुपचूप झाडून घेतो. तिला दिसलं तर म्हणंल, माझ्या बाबांनी दिलेलं सासूनं घासून घासून संपिवलं. देवाला जातो म्हणून आलोय मी."

गुंडाळ्यांमागं बांगड्या वाजल्या. सुमनताईंनी तिकडं वळून बघितलं. मला काय करावं सुचेना. एकीचं गुपित दुसरीला सांगायचं कसं?

कलावती आक्का मागावरनं उठून आल्या, दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, "एक सकाळी झाडतीया, एक दुपारी झाडतीया. मग ते बिचारं किती भुगा देईल? ये गं भाईर!"

स्नेहल बाहेर आली, मान खाली घालून. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. आता फुटतंय बघा, असं मला वाटलं.

सुमनताई म्हणाल्या, "अगं, सांगायचं न्हवं! दोघी एकाच बसनं आलो असतो की!"

*

हा मल्लाप्पाचा. त्याच्या तोंडून ऐकायला पाहिजे, पण मी सांगते.

पावसाळ्याचे दिवस. कोल्हापूरला एक गालिचा पोचवायचा होता. विणून झाला होता उन्हाळ्यात, तेव्हाच वजन करून कागदावर वीस किलो लिहिलं होतं. मधले दोन महिने तो आमच्या गोदामात पडून होता. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, भिंतींना घाम फुटतो!

निपाणीच्या पुढं हायवेवर तपासणी चालू होती. साहेबानं कागद बघितला, गालिचा काट्यावर ठेवायला लावला. साडेबावीस किलो!

"ओळगे एन ऐती?" म्हणजे, आत काय आहे?

"काय न्हाय साहेब, नुसता गालिचा."

"मग अडीच किलो कशाचे?"

मल्लाप्पाला आणि टेम्पोवाल्याला बाजूला बसवलं. भर रस्त्याकडेला ताडपत्रीवर गालिचा उलगडला. आत काही नाही. सळईनं टोचून बघितलं, कडेची शिवण चाचपली. काही नाही. काही सापडत नाही म्हटल्यावर साहेबाचा संशय आणखी वाढला!

मल्लाप्पा म्हणाला, "साहेब, गालिच्यानं पाऊस पिलाय."

"पिलाय? हात लावून बघ, कोरडा खडखडीत हाय!"

"तीच तर लोकर न्हवं साहेब! हवंतलं पाणी पोटात घेतीया, खरं अंगाला लागू देत न्हाय."

हे ऐकून साहेब आणखी चिडला. टेम्पो जप्त करतो म्हणाला. मल्लाप्पानं मला फोन लावला. "रेखाताई, काय तरी करा, हे मला आत घालालेत!" मी फोन आक्कांच्या हातात दिला.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या घरात घोंगडं हुतं का कधी?"

मग साहेब म्हणाले, "वडलांचं हुतं."

"पावसाळ्यात खांद्यावर जड लागायचं का न्हाय?"

"लागायचं," साहेब म्हणाले. "खरं मी ते कागदावर कसं लिवू? दोन तास उन्हात टाका. उतरलं वजन तर सोडतो. न्हाय उतरलं तर स्टेशन."

आणि ऊन कुठं होतं? मल्लाप्पा ताडपत्रीशेजारी बसून आभाळाकडं बघत राहिला. ऊन यायचं, पाच मिनिटांत ढग यायचा. आयुष्यात कधी देवाला हात न जोडणारा माणूस, त्या दिवशी एका ढगाला हात जोडत होता! टेम्पोवाला म्हणाला, "पळून जाऊ या का?" मल्लाप्पा म्हणाला, "गालिचा सोडून?"

शेवटी तासभर कडक ऊन पडलं. परत काट्यावर चढवला. एकवीस किलोच्या जरा वर!

साहेबानं काट्याकडं बघितलं, गालिच्याकडं बघितलं. "मानलं. उतरलं. खरं वीसच्या वर अजून उरलंय, त्याचं काय?"

मल्लाप्पा म्हणाला, "साहेब, तेवढं कर्नाटकातलं पाणी महाराष्ट्रात जाऊ द्या की!"

*

लोकरीचं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. कसर लागते. ती मुकाट्यानं खाते, कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

एक निवृत्त बँकवाल्या बाई वर्षभर लेकीकडं राहून आल्या. बंद घर, अंधार, गालिचा न झाडता सोफ्याखाली तसाच. आल्या त्या गालिचा घेऊन थेट दुकानात, आणि दुकानात गर्दी असताना सगळ्यांसमोर उलगडला. बश्यांएवढी भोकं!

"हाच का तुमचा अस्सल माल? फसवणूक आहे ही! मी ग्राहक मंचात जाणार!"

दोन गिऱ्हाइकं हळूच बाहेर सटकली. अण्णा उभेच. बाई ऐकायला तयार नाहीत. मी घाबरून भिंतीवरची पाटी दाखवली, "उजेड दाखवा, महिन्यातून एकदा उलटा करून झाडा." त्यानं तर त्या आणखीच भडकल्या.

आक्का मागून आल्या, एका भोकातनं हात घातला, पलीकडनं बोटं हलवली आणि म्हणाल्या, "ताई, खाण्याजोगं हुतं म्हणून खाल्लं कसरीनं. प्लॅस्टिकला कोण तोंड लावतंय?"

बाईंनी त्या हलणाऱ्या बोटांकडं बघितलं. मग खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. आक्कांनी आठवडाभर बसून सगळी भोकं विणून भरून दिली. आता बाई गावाला गेल्या की किल्ली आमच्याकडं ठेवून जातात.

*

हा माझ्या स्वतःच्या घरातला.

आमचं घर अनगोळात. हॉलमध्ये दुकानातलाच एक लहान गालिचा, रंग जरा चुकला म्हणून अण्णांनी मला दिलेला. नवरा खाली बसून, त्याच्यावर चादर न घालताच शर्टाला इस्त्री करत होता. मधेच करंट गेला. त्यानं इस्त्री तशीच पालथी टाकली, चुरगळलेला शर्ट घातला आणि ऑफिसला निघून गेला. मी आधीच दुकानात आले होते. घरात सासूबाई एकट्या. त्यांचे गुडघे गेलेले, त्या आतल्या खोलीत झोपून होत्या.

अकराच्या सुमाराला दुकानात पंखा फिरायला लागला. मी म्हटलं, "बरं झालं, आला करंट!" आणि दोन मिनिटांत नवऱ्याचा फोन.

"रेखा, मी बटण बंद केलतं का?"

"कसलं बटण?"

"इस्त्रीचं."

मी सासूबाईंना फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत. परत लावला. उचलत नाहीत. स्कूटर काढली. रस्त्यात काय काय डोळ्यांसमोर आलं ते विचारू नका. हॉलमध्ये लाकडी दिवाण, त्याच्यावर गादी, वर पडदे. आणि बाहेर पडायची वाट हॉलमधूनच!

रेल्वे गेट बंद! मालगाडी. डबे संपता संपेनात. मी गेटमनला ओरडून सांगितलं, "माझं घर जळालंय हो!" तो बिचारा काय करणार? शेजारच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "धूर दिसालाय का?" मी अनगोळकडं बघितलं. आभाळ स्वच्छ होतं, तरी मला धूर दिसत होता.

दार उघडलं तर घरात केस जळल्याचा जबरदस्त वास! धूर थोडा, निळसर. मी आधी बटण बंद केलं, मग इस्त्री उचलली. खाली गालिच्यावर इस्त्रीच्याच आकाराचा काळपट करपलेला डाग. बस्स, तेवढंच. ना ज्वाळा, ना ठिणगी. चार बोटांवर दिवाणाची चादर लोंबत होती, ती तशीच पांढरी.

मी तिथंच खाली बसले. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण गं? रेखा? न्हाव्याला घरात कशाला आणलंस? कुणाचं डोकं भाजालाय त्यो?"

*

आणि आता हा. आमच्या चहाच्या वेळी हा शेवटी सांगतात.

टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर एक मास्तर राहायचे, एकटे. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं, रागीट म्हणून गावभर प्रसिद्ध. त्यांच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, इंदूआक्का. ऐंशीच्या घरातल्या, त्याही एकट्याच, काठी टेकत चालणाऱ्या. मुलगा परदेशात.

भांडण त्या काठीवरून. पहाटेपासून ठक, ठक, ठक. मास्तरांनी सोसायटीकडं अर्ज दिले, जिन्यात आरडाओरडा केला, एकदा पोलीस बोलावले. इंदूआक्का पोलिसांना म्हणाल्या, "मी काय उडत जाऊ?"

शेवटी मास्तर आमच्या दुकानात आले. "आवाज मरेल असला गालिचा द्या. तिच्या घरात घालायचा. बिल माझ्या नावावर करा, खरं तिला सांगायचं न्हाय. सोसायटीनं घातलाय म्हणा."

अण्णांनी सगळ्यात जाड लोकर काढली. लोकर आवाज गिळते, नुसत्या फरशीवर तर विशेष. मल्लाप्पानं खाली नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा, थर घालून भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं घर बसवलं. देवघर, हॉल, पार दारापर्यंत. मग वर त्यानं उड्या मारल्या आणि खाली मास्तर छताकडं कान लावून उभे. "न्हाय ऐकू आलं!" लहान पोरागत टाळ्या वाजवल्या मास्तरांनी.

आठवड्यानं मास्तरांचा फोन आला, "आयुष्यात पहिल्यांदा सातपर्यंत झोपलो."

त्याच्या पुढच्या आठवड्यात परत फोन. "सगळं ठीक आहे ना वर? न्हाय, सहज विचारलं."

आणि मग एका सकाळी मी शटर वर करत होते तेव्हा परत फोन.

"रेखाताई, वरनं आवाज न्हाय."

"सर, त्यासाठीच तर गालिचा..."

"तसं न्हवं हो!" मास्तरांचा आवाज फाटला. "पाचला देवघर, साडेपाचला स्वयंपाकघर, सहाला दारात दूध, मला सगळं पाठ हुतं! आता बाई हाय का न्हाय तेच कळत न्हाय! दुधाची पिशवी दारात तशीच पडलीय. मी बेल वाजवतोय, दार उघडत न्हाय!"

मल्लाप्पा आणि मी स्कूटरवरून सुटलो. जिन्यात मास्तर बनियनवर उभे, पायात चप्पल नाही. बेल दाबून दाबून बोट पांढरं पडलं होतं. आत फोन वाजत होता, आम्हाला बाहेर ऐकू येत होता, कुणी उचलत नव्हतं. मास्तर दाराला तोंड लावून हाका मारत होते, "इंदूबाई! ओ इंदूबाई!" ह्या माणसानं त्यांना कधी नावानं हाक मारली असेल असं मला वाटत नाही.

मल्लाप्पानं खांदा लावला. तिसऱ्या धडकेला कडी निसटली.

हॉलच्या मधोमध गालिच्यावर इंदूआक्का आडव्या पडल्या होत्या. काठी बाजूला.

मास्तर उंबऱ्यातच थांबले. चौकट धरली, पाय आत टाकवेना. मी गुडघे टेकून बसले, त्यांच्या खांद्याला हात लावला. गरम होता. हलवलं.

इंदूआक्कांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मल्लाप्पाकडं बघितलं, मग चाचपडत शेजारचं कानातलं मशीन उचलून कानात घातलं.

"काय झालं गं? पलंगावर पाठ दुखालती. म्हटलं हितंच पडावं, केवढं ऊबदार हाय. डोळाच लागला." मग त्यांची नजर दाराकडं गेली. "आणि हे कशाला आलेत?"

डोळे पुसायचं मास्तरांच्या लक्षातही नव्हतं. वाकून दारातली पिशवी उचलली आणि म्हणाले, "दूध... दूध नासंल म्हणून सांगायला आलतो."

आणि खाली निघून गेले.

चार दिवसांनी मास्तर दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. बराच वेळ भिंतीवरचे नमुने बघत उभे राहिले. अण्णांनी चहा सांगितला, तोही घेतला नाही. शेवटी काउंटरजवळ येऊन, माझ्याकडं न बघता म्हणाले,

"त्या गालिच्याचा एक पट्टा कापून काढता येईल काय? देवघरापासनं दारापर्यंत. एवढाच."

अण्णांनी चष्मा काढला. "मास्तर, मग काठी वाजंल."

"व्हय," मास्तर म्हणाले.

मल्लाप्पा उठला. कात्री उचलली आणि स्कूटर चालू करायला बाहेर गेला.